जुना टीव्ही, नवी पेटी

मी कवी माणूस. बी.ए. केलं, तेही मराठी विषय घेऊन. विजेच्या उपकरणांशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. तरीही आज मी तुमच्याशी तीन रंगांच्या तीन तारांविषयी बोलणार आहे. पिवळी, पांढरी आणि लाल. ज्यांच्या घरी कधीकाळी व्हीसीआर, सीडी प्लेअर किंवा सेट-टॉप बॉक्स होता, त्यांना या तारा माहीत असतील. टीव्हीच्या मागे, धुळीत, एकमेकींत गुंतून पडलेल्या. त्यांच्या निमित्ताने मी टीव्हीचा थोडाफार इतिहास शिकलो आणि माझ्या घरातली एक गोष्टही मला उशिरा का होईना, समजली.

गोष्ट २००९ सालची. सोलापूरचं आमचं घर. अब्बांनी आयुष्य कापडगिरणीत काढलं. गिरणी बंद पडली त्यालाही तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरात टीव्ही होता तो १९८८ सालचा, हप्त्यांवर घेतलेला. त्या वर्षी २ ऑक्टोबरला दूरदर्शनवर ‘महाभारत’ सुरू झालं, त्याच्या महिनाभर आधी अब्बांनी तो आणला. ‘महाभारत’चे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले आहेत, हे अब्बा आल्यागेल्याला कौतुकाने सांगत. वीस इंची रंगीत संच, लाकडी पेटीत बसवलेला, पुढे सरकतं शटर. उजव्या हाताला आठ बटणं आणि त्यांच्याखाली एक झाकण. झाकण उघडलं की आठ छोटी दातेरी चाकं. एकेक चाक नखाने फिरवून एकेक चॅनेल पकडायचं. आणि मागच्या बाजूला एकच गोल भोक, अँटेनाच्या तारेचं.

त्या वर्षी मी घरी नवी पेटी आणली. छत्रीवरून, म्हणजे डिशवरून येणारे कार्यक्रम दाखवणारी आणि शिवाय ते स्वतःच्या पोटात साठवून ठेवणारी. डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर. कारण साधं होतं. अम्मीची आवडती मालिका नेमकी मगरिबच्या नमाजच्या वेळेला लागायची. अब्बांना रात्रीच्या बातम्या हव्या असायच्या, तर त्या वेळी लोडशेडिंग. रोज संध्याकाळी घरात या दोन कारणांवरून कुरबुर. म्हटलं, ही पेटी भांडण मिटवील.

पेटी बसवायला आलेल्या मुलाने ती उघडली, मागे पिवळी, पांढरी, लाल अशी तीन भोकं दाखवली, मग आमच्या टीव्हीच्या मागे डोकावला आणि मान हलवली. ‘‘काका, याला जोडताच येत नाही. नवा टीव्ही घ्या.’’

अब्बा म्हणाले, ‘‘ये चलता हाय ना? फिर कायकू नया?’’

ही अडचण नीट समजून घ्यायची, तर थोडं मागे जावं लागेल.

टीव्ही जन्मला तेव्हा त्याला स्मरणशक्ती नव्हती. जे घडत होतं ते दिसत होतं आणि दिसता दिसता नाहीसं होत होतं. चित्र जपायचंच असेल, तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून त्याचं चित्रीकरण करायचं आणि ती फिल्म धुवायची, एवढाच मार्ग होता. अमेरिकेत यातून मोठी पंचाईत झाली. न्यूयॉर्क आणि लॉस एंजलिस यांच्या घड्याळांत तीन तासांचा फरक. न्यूयॉर्कच्या संध्याकाळच्या बातम्या पश्चिम किनाऱ्यावर भर दुपारी पोहोचायच्या, लोक कामावर असताना. मग घाईघाईने फिल्म धुऊन तीच अंधूक चित्रं संध्याकाळी दाखवायची.

१९५६ च्या एप्रिलमध्ये अँपेक्स या कंपनीने शिकागोत एक यंत्र दाखवलं. चार्ल्स गिन्सबर्ग हे त्या गटाचे प्रमुख. पुढे ज्यांचं नाव सिनेमाच्या आवाजाशी कायमचं जोडलं गेलं, ते रे डॉल्बी तेव्हा त्या गटातले तरुण तंत्रज्ञ होते. दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर हे यंत्र चित्र आणि आवाज टिपून घेई आणि लगेच दाखवी. किंमत पन्नास हजार डॉलरच्या घरात. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएस या वाहिनीने न्यूयॉर्कहून येणाऱ्या बातम्या लॉस एंजलिसमध्ये फितीवर घेतल्या आणि तीन तासांनी पश्चिम किनाऱ्यावर दाखवल्या. म्हणजे कार्यक्रम आपल्या वेळेला नव्हे, प्रेक्षकाच्या वेळेला. अम्मीची मालिका नमाजनंतर दाखवण्याचं काम माझी पेटी करणार होती, त्याची सुरुवात ही अशी त्रेपन्न वर्षं आधी झालेली होती.

पण फीत महाग होती, आणि तिच्यावरचं पुसून पुन्हा नवं टिपता येत होतं. या सोयीने फार नुकसान केलं. फीत वाचवायची म्हणून जुनं पुसायचं, हा जगभरच्या केंद्रांचा शिरस्ताच झाला. ब्रिटनच्या बीबीसीने १९६० च्या दशकातल्या आपल्या लोकप्रिय ‘डॉक्टर हू’ मालिकेचे कितीतरी भाग असेच पुसून टाकले. आज जगभरातले चाहते कुठे एखादी प्रत मिळते का म्हणून शोधत फिरतात. त्याहून मोठं उदाहरण चंद्राचं. २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला. तिथून आलेली मूळ चित्रं ज्या फितींवर टिपली होती, त्या फिती पुढे दुसऱ्या कामासाठी पुसून वापरल्या गेल्या असाव्यात, असं अमेरिकेच्या नासा संस्थेने २००९ मध्ये जाहीर केलं. आपण जे पाहतो ते टीव्ही केंद्रांकडे उरलेल्या, मुळापेक्षा फिकट प्रतींवरून. चंद्रावरच्या पहिल्या पावलाची मूळ फीत जिथे टिकली नाही, तिथे बाकीच्यांचं काय?

आपल्याकडे १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक टीव्ही सुरू झाला. मुंबई केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘चिमणराव’ ही नावं काढली की माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असलेली मुंबई-पुण्याची मंडळी हळवी होतात. आम्हा सोलापूरकरांना ते भाग्य उशिरा लाभलं. आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला तो १९८२ च्या एशियाडनंतर, देशात रंगीत प्रक्षेपण सुरू होऊन गावोगाव छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहू लागली तेव्हा. खिडकीला लटकून आम्ही तो पाहिला. जे पाहिलं ते पाहिलं. पुन्हा पाहता येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

घरच्या घरी टिपून ठेवायची सोय जगात तोवर आलेली होती. १९७५ मध्ये सोनी कंपनीचं बेटामॅक्स, १९७६ मध्ये जेव्हीसीचं व्हीएचएस. चित्रपट कंपन्या घाबरल्या. लोक घरी कार्यक्रम टिपायला लागले, तर आमचा धंदा बसेल, म्हणून त्यांनी कोर्टात धाव घेतली. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी कार्यक्रम टिपून ठेवणं हा गुन्हा नाही. एक मत इकडचं तिकडे झालं असतं, तर व्हीसीआरचा आणि पुढच्या सगळ्या रेकॉर्डरांचा इतिहास वेगळा झाला असता.

आपल्याकडे मात्र व्हीसीआर टिपून ठेवण्यासाठी फारसा कुणी घेतला नाही. तो आला सिनेमा दाखवायला. चौकातून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणायचा, सोबत तीन कॅसेटी, आणि पहाटेच्या अजानपर्यंत जागायचं. आमच्या घरचा व्हीसीआर माझ्या मेहुण्यांनी सौदीहून आणलेला. त्याच्यावर आयुष्यात एकच कार्यक्रम मी मन लावून टिपला होता. १९९८ मध्ये मुंबई दूरदर्शनच्या एका कार्यक्रमात मी कविता वाचल्या, तो. सहा-सात मिनिटांचा ऐवज. कॅसेटवर मी लाल शाईने स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं.

आता माझ्या नव्या पेटीकडे वळू. तिचे पूर्वज म्हणजे १९९९ मध्ये अमेरिकेत आलेली टिवो आणि रिप्लेटीव्ही ही दोन यंत्रं. यांच्यात फीत नव्हती. संगणकात असते तशी चकती, हार्ड डिस्क होती. चित्राचे आकडे करून ते चकतीवर लिहायचे. चकतीचा गुण असा की एकीकडे लिहिता लिहिता दुसरीकडे वाचताही येतं. म्हणूनच चालू कार्यक्रम मध्येच थांबवता येतो. आपण पाणी प्यायला उठतो तेव्हाही पेटी लिहीतच असते आणि आपण परतलो की जिथे सोडलं तिथून वाचून दाखवते. भारतात डिशवरची खासगी सेवा २००३ मध्ये आली आणि टिपून ठेवणाऱ्या पेट्या त्यानंतर पाचेक वर्षांत.

अडचण अशी की जग आकड्यांत बोलू लागलं आणि आमचा १९८८ चा टीव्ही लहरींशिवाय दुसरी भाषा जाणत नव्हता.

मी पूर्व भागातल्या एका टीव्ही मेकॅनिककडे गेलो. तेलुगू भाषिक, वय सत्तरीचं, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी मला जे सांगितलं ते कुठल्याही पुस्तकापेक्षा सोपं होतं. ‘‘पिवळ्या तारेतून चित्र पायी चालत येतं. पांढऱ्या आणि लालमधून डावा-उजवा आवाज, तोही पायी. तुमच्या टीव्हीच्या मागचं भोक अँटेनाचं. तिथे फक्त टांग्यात बसून आलेल्यालाच आत घेतात. चित्राला आणि आवाजाला एका टांग्यात बसवायला पाहिजे.’’

टांगा म्हणजे वाहक लहर. जुन्या प्रक्षेपणात चित्र आणि आवाज एका ठरावीक लहरीवर चढवून पाठवत आणि टीव्हीची ती दातेरी चाकं नेमकी ती लहर शोधत. तारेतून आलेलं सुटं चित्र पुन्हा लहरीवर चढवणाऱ्या उपकरणाला मॉड्युलेटर म्हणतात. मास्तर म्हणाले, ‘‘बाजारात मिळतो वेगळा. पण तुमच्या घरी आहे की. व्हीसीआरच्या पोटात तोच बसलेला असतो.’’

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. माळ्यावरून व्हीसीआर काढला, ब्रशने झाडला. पेटीतून आलेली पिवळी तार व्हीसीआरच्या पिवळ्या भोकात. आवाजाला व्हीसीआरवर एकच भोक होतं, त्यात पांढरी. लाल मोकळी सोडली. व्हीसीआरमधून निघालेली जाड तार टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात. मग मला म्हणाले, ‘‘एखादी कॅसेट द्या.’’ आठव्या क्रमांकाच्या बटणावर व्हीसीआर पकडायचा, तर तो काहीतरी दाखवत असायला हवा, म्हणजे चाक फिरवताना चित्र सापडतं. माझ्या हाताशी आली ती लाल शाईची कॅसेट. मास्तरांनी नखाने चाक फिरवलं. पडद्यावर मुंग्या, मग तिरक्या पट्ट्या, मग हळूहळू मी, अकरा वर्षांपूर्वीचा, काळ्या मिशांचा. ‘‘सापडलं,’’ मास्तर म्हणाले आणि कॅसेट थांबवून त्यांनी व्हीसीआर बाहेरच्या तारांकडे वळवला. पडद्यावर नव्या पेटीचं चित्र आलं. अब्बांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू टीव्ही त्यांनीच बनवला होता.

पुढचा तासभर बारीकसारीक गोष्टींत गेला. पेटीच्या मेनूत जाऊन पडद्याचा आकार चारास तीन केला, नाहीतर माणसं लांबोडकी दिसत. जुन्या काचेच्या नळीचा पडदा चित्राच्या कडा थोड्या झाकतो, म्हणून बातम्यांची खालची पट्टी अर्धी कापली जाई. ते तसंच सोडून दिलं. एक कार्यक्रम टिपताना दुसरा पाहायचा असेल, तर छत्रीवरून एक नव्हे, दोन तारा आणाव्या लागतात, तेही तेव्हाच कळलं. डीव्हीडी मात्र या रस्त्याने नेऊ नका, असं मास्तरांनी बजावलं. तिच्यावर नक्कल रोखणारं कुलूप असतं, व्हीसीआरमधून गेली की चित्र कधी उजळतं, कधी काळवंडतं.

अम्मीला एक गोष्ट अखेरपर्यंत पटली नाही. टिपून घ्यायला टीव्ही चालू असावा लागत नाही. चित्र पेटी टिपते, टीव्ही फक्त दाखवतो. पेटीला वीज मिळत असली की झालं. पण अम्मी टीव्ही चालू ठेवूनच नमाजला उभी राहायची, आवाज बंद करून. ‘‘देखनेवाला कोई नहीं, तो डब्बा किसके लिए रखेगा?’’ असा तिचा सवाल. लोडशेडिंगमध्ये पेटीच बंद पडायची आणि मालिकेचे दोन तुकडे व्हायचे. शेवटी इन्व्हर्टर घेतला. भांडण मिटवण्याचा खर्च वाढत चालला होता, पण भांडण मिटलं खरं.

२०१० मध्ये एका वाहिनीने बंद गिरण्यांवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला. त्यात अब्बा होते. गिरणीच्या पडक्या भिंतीसमोर उभे राहून दीड-दोन मिनिटं बोलले. भोंगा किती वाजता व्हायचा, पाळी सुटल्यावर रस्ता कसा भरून वाहायचा, मागावर धागा तुटला की नुसत्या आवाजावरून कसं कळायचं. मी तो कार्यक्रम पेटीत टिपला आणि तो आपोआप पुसला जाऊ नये म्हणून त्यावर खूण करून ठेवली. पुढच्या वर्षी अब्बा गेले.

त्यानंतर अम्मी दर जुम्म्याला संध्याकाळी ती दोन मिनिटं पाहायची. मला म्हणायची, ‘‘लगाके दे.’’ मी लावून द्यायचो आणि बाहेर जाऊन उभा राहायचो.

मग २०१३ साल आलं. सरकारने केबलचं जुनं प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं होतं. मुंबईची मुदत ऑक्टोबर २०१२ अखेरची. दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत सोलापूर होतं, त्यांची मुदत ३१ मार्च २०१३. त्या महिन्यात आमच्या गल्लीत एकच धांदल. कुणाच्या टीव्हीला पिवळं भोक आहे आणि पांढरं एकच, कुणाच्या टीव्हीला फक्त अँटेनाचं. मास्तरांनी शिकवलेलं मी घरोघर जाऊन सांगत होतो. कवितेने मला गल्लीत जेवढा मान दिला नव्हता, तेवढा त्या पंधरवड्यात तारांनी दिला.

आणि त्याच दिवसांत आमची पेटी बंद पडली. आधी चित्र अडकू लागलं, मग पेटी सुरूच होईना. तक्रार केली. एक मुलगा आला, जुनी पेटी काढली, नवी लावली, कागदावर सही घेतली. मी विचारलं, ‘‘आतलं रेकॉर्डिंग?’’ तो म्हणाला, ‘‘ते गेलं, सर.’’ चकती काढून संगणकाला जोडता येणार नाही का? नाही. अशा पेट्यांत कार्यक्रम कुलूपबंद करून लिहिलेले असतात आणि किल्ली त्याच पेटीत असते. दुसऱ्या यंत्राला ते नुसते अर्थहीन आकडे. मुलाचा त्यात काही दोष नव्हता. तो पेटी बगलेत मारून जिना उतरला आणि अब्बांची दोन मिनिटं त्याच्या मोटारसायकलवर बसून निघून गेली.

१९८४ च्या त्या निकालाने घरी टिपून ठेवण्याची मोकळीक दिली होती, ती दिली होती फितीवाल्या यंत्राला. फीत आपल्या हातात असते, कपाटात ठेवता येते, शेजाऱ्याला देता येते. चकतीवालं यंत्र अधिक हुशार, पण त्यात साठवलेलं आपलं आहे असं आपल्याला नुसतं वाटत असतं.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला मॅरियन स्टोक्स नावाच्या बाई होत्या. कधीकाळी ग्रंथपाल म्हणून काम केलेल्या. त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून घरात अनेक व्हीसीआर लावून दिवसरात्र बातम्या टिपल्या. डिसेंबर २०१२ मध्ये मरेपर्यंत. कॅसेट संपायच्या आत बदलायला हवी, म्हणून घराबाहेर जाण्याच्या वेळाही त्यावरच ठरत. मागे राहिल्या सुमारे सत्तर हजार कॅसेटी. लोक त्यांना विक्षिप्त समजत. त्या गेल्यावर तो सगळा साठा इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे जपणुकीसाठी गेला, कारण त्यातलं बरंचसं वाहिन्यांनी स्वतःही ठेवलेलं नव्हतं. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा दाखवलं आणि देशाने घरी बसून ते पाहिलं. तेही कुणीतरी फिती सांभाळल्या होत्या म्हणूनच.

आमच्या घरी काय सांभाळलं गेलं होतं, ते मला पेटी गेल्यावर आठवड्याने कळलं. जुम्म्याची संध्याकाळ. मी अम्मीला कसं सांगावं या विचारात होतो. धीर करून म्हटलं, ‘‘अम्मी, वो डब्बे में से अब्बा चले गए.’’

ती म्हणाली, ‘‘डब्बे में से गए होंगे. मेरे पास हैं.’’

तिने व्हीसीआरकडे बोट दाखवलं. मला काही उमगेना. मग तिने सांगितलं. अब्बा गेले त्यानंतरच्या एका जुम्म्याला, मी कार्यक्रम लावून बाहेर गेलो असताना, तिने व्हीसीआरवरचं लाल बटण दाबलं होतं. ‘‘बाकी बटन मेरेकू समजते नहीं. लाल बटन समजता. शादी की कॅसेट के टाइम तूने ही बताया था.’’

पेटीचं चित्र टीव्हीकडे व्हीसीआरमधूनच जात होतं. आत कॅसेट होती, मास्तरांनी चॅनेल शोधायला घातलेली आणि मी काढायला विसरलेली. माझी कॅसेट. व्हीसीआरच्या कॅसेटीला कडेला एक प्लास्टिकची छोटी जीभ असते. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर पुन्हा काही टिपता येत नाही, जे आहे ते सुरक्षित राहतं. १९९८ मध्ये मी कॅसेटवर नाव लिहिलं, पण ती जीभ मोडली नव्हती.

आठव्या क्रमांकाचं बटण दाबलं आणि कॅसेट मागे नेऊन लावली. निवेदिकेने माझी ओळख करून दिली. मी पहिली कविता वाचली, दुसरी सुरू केली. दुसरीच्या तिसऱ्या ओळीला पडदा थरथरला आणि गिरणीची भिंत आली. अब्बा भोंग्याविषयी बोलत होते. रंग थोडे पसरलेले, आवाजामागे सतत घरघर. पण अब्बाच. मग पुन्हा एक झटका आणि मी, शेवटच्या कवितेच्या शेवटच्या दोन ओळी म्हणून हात जोडताना. मधल्या सगळ्या कविता पुसल्या गेल्या होत्या.

माझा चेहरा पडला असावा. अम्मीने तो पाहिला आणि म्हणाली, ‘‘तेरी कविता तो किताब में छपी हाय, बेटा. तेरे अब्बा किदर छपे?’’

बीबीसीने ‘डॉक्टर हू’ पुसलं, नासाच्या फिती पुसल्या गेल्या, त्यांच्यावर आपण सहज टीका करतो. त्यांनाही कुठेतरी वाटलं असेल की हे उद्या नकोच आहे, आज आलेलं महत्त्वाचं आहे. फीत एकच असली की कुणाला ठेवायचं आणि कुणाला पुसायचं हे कुणालातरी ठरवावंच लागतं. आमच्या घरी ते अम्मीने ठरवलं, आणि मला तिचा निवाडा मान्य करावा लागला. ज्याचं कुठेच काही छापलेलं नाही, तो माणूस आधी जपायला हवा.

त्यानंतर मी पहिलं काम केलं ते कॅसेटची जीभ मोडायचं. २०१६ च्या जुलैमध्ये बातमी वाचली की जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनीही ते बनवणं थांबवते आहे. तेव्हा जागा झालो. पुण्यातल्या एका दुकानात कॅसेट नेली आणि तिची संगणकावर प्रत करून घेतली. आता ती तीन ठिकाणी आहे. माझ्याकडे, बहिणीकडे आणि भाच्याकडे.

तुमच्या घरी अशा कॅसेटी असतील, तर एवढंच सांगतो. फीत वर्षागणिक उतरत जाते आणि ती वाचणारी यंत्रं दुरुस्त करणारे हातही कमी होत चालले आहेत. कॅसेट आतून पांढरी पडलेली, बुरशी धरलेली दिसली, तर घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका. फितीबरोबर यंत्राचं डोकंही खराब होतं. जाणकाराकडे द्या. सेट-टॉप बॉक्सच्या पोटात कुणाचा आवाज ठेवून दिला असेल, तर ती पेटी कपाट आहे असं समजू नका. आणि नवीन पेटी जुन्या टीव्हीला जोडत असाल, तर पिवळी पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात. भोक एकच असेल, तर आधी गल्लीतल्या जुन्या मेकॅनिकला विचारा.

दूरदर्शनचे अँटेनावर दिसणारे जुने ट्रान्समीटर २०२२ पर्यंत जवळजवळ सगळीकडे बंद झाले. टीव्हीच्या मागचं ते गोल भोक ज्यासाठी होतं, ते आकाशातून येणं थांबलं. आमचा १९८८ चा संच मात्र अजून आहे. शटर ओढलेलं असतं. अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहे. मालिका ती दुसऱ्या खोलीत सुनेबरोबर, भिंतीवरच्या पातळ टीव्हीवर पाहते. जुम्म्याच्या संध्याकाळी मात्र शटर सरकवते आणि आठव्या क्रमांकाचं बटण स्वतःच दाबते. भाच्याने तिला अब्बांची ती दोन मिनिटं मोबाइलवरही घालून दिली आहेत, सुटी काढून, स्वच्छ करून. ती ते पाहत नाही. म्हणते, त्यात आधी तू येत नाहीस.